मदत हवी आहे : वेअरवुल्फमध्ये दोघंही म्हणतात "मीच सीअर", मत कुणाला?

गावकरी_नं_५ : या खेळात लांडगे गावकरी बनून लपतात, रात्री एकाला मारतात; दिवसा सगळे मत देऊन एकाला उडवतात. सीअर रोज रात्री एकाला तपासून तो लांडगा आहे का ते बघतो. आता निळा म्हणतो मी सीअर, लाल लांडगा. पिवळा म्हणतो मी सीअर, निळा लांडगा. रात्री १० ला मतदान बंद. कुणाला उडवू? पटकन सांगा.

खिडकीपाशी : किती जिवंत, लांडगे किती, मेल्यावर रोल (तो कोण होता ते) दिसतो का? काहीच लिहिलं नाहीत.

गावकरी_नं_५ : नेहमीचाच ९ चा गेम हो. ६ उरलेत.

तर्रीबाज : नेहमीचा म्हणजे कुठला? मतदानात उडाला की जिंकणारा वेडा असेल तर सगळं गणित बदलतं.

गावकरी_नं_५ : वेडा नाही. २ लांडगे, १ सीअर, १ डॉक्टर (रात्री एकाला वाचवणारा), ५ गावकरी. रोल दिसतो. गेलेले तिघंही साधे गावकरी. मीही तोच.

ठाम_मत : आधी 'मी सीअर' असा क्लेम करतो तो खरा. पिवळ्याला उडवा, विषय संपला.

खिडकीपाशी : हा नियम लांडग्यांनाही पाठ असतो. आज चुकलात तर ५ उरतील, रात्री एक गेला की ४, त्यात २ लांडगे, आणि बरोबरी झाली की ते जिंकतात. खेळ खलास, डॉक्टरने वाचवलं तरच पुढे. आज स्किप करा, म्हणजे कुणालाच उडवू नका. उद्या ५ असतील, तेव्हाही चुकायला जागा नाही, पण ती आजही नाहीच. म्हणजे खऱ्या सीअरला एक तपासणी फुकट. संख्या सम असली की स्किप परवडतं.

ठाम_मत : आणि रात्री लांडग्यांनी खरा सीअरच खाल्ला तर?

खिडकीपाशी : खाऊ देत की! सकाळी रोल दिसेल आणि दुसरा आपोआप उघडा पडेल. म्हणून ते बाकीच्या चौघांतच हात घालणार. डॉक्टरने या दोघांवर रात्र वाया घालवू नये, आणि आज 'मी डॉक्टर' म्हणून पुढेही येऊ नये.

रिकामा_वेळ : व्हिज्युअल टास्क चालू ठेवा आणि मेडबेमध्ये स्कॅन करायला लावा. इंपोस्टरला ते जमत नाही.

तर्रीबाज : काका, ते अमंग अस या दुसऱ्या गेममध्ये.

जुना_खेळाडू : मुळात लांडगे नव्हतेच, माफिया होता. दिमित्री डेव्हिडॉफ, मॉस्को, १९८६. लांडगे आणले अँड्र्यू प्लॉटकिनने, १९९७ मध्ये.

तर्रीबाज : बरं. क्लेम कधी आले? पहिल्या रात्रीचे रिझल्ट काय?

गावकरी_नं_५ : निळ्याचा पहिला रिझल्ट हिरवा, गावकरी. पिवळ्याने काल रात्री मेलेल्याला तपासलेलं, तोही गावकरी. निळ्याने क्लेम केला तेव्हा त्याच्यावर ३ मतं होती.

तर्रीबाज : अहो, हे आधी सांगायचं! लाल लांडगा हे निळ्याला सकाळपासून माहीत होतं, मग ३ मतं पडेपर्यंत गप्प का? त्याआधी त्याचं मत कुणावर होतं?

गावकरी_नं_५ : जांभळ्यावर. पिवळ्याने मात्र सकाळी पहिलंच मत निळ्यावर टाकलेलं.

तर्रीबाज : मग निळाच खोटा. हातात लांडगा असताना जांभळ्याच्या मागे कोण लागतं?

ठाम_मत : पिवळ्याचा पहिला रिझल्ट मेलेल्याचा! रोल दिसल्यावर कुणीही तसं सांगेल. लांडग्याचा आवडता डाव आहे हा.

खिडकीपाशी : म्हणूनच स्किप म्हणतोय. उद्या उजाडताच दोघांनी चर्चेआधी रिझल्ट टाकायचे. कुणाला तपासणार हे आज जाहीर करू नका, लांडगे नेमकं त्यालाच मारून रिझल्ट फुकट घालवतील. स्किपचं बटण आहे ना? आणि टाय झाला तर काय होतं?

गावकरी_नं_५ : बटण आहे. टायला गेम चालवणारा बॉट चिठ्ठी काढतो. आता स्किप ३, पिवळा २, माझं बाकी.

खिडकीपाशी : मग दाबा की राव! तुम्ही पिवळ्यावर गेलात तर ३-३.