दिवाळीनंतर रोडावणारी गाय: दोष गवताचा की गायीचा?

सत्तरीकर (गोव्यातील सत्तरी तालुक्याचा रहिवासी): पावसाळ्यात डोंगरउतारावर पोटभर चरूनही आमची संकरित गाय दिवाळीपासून रोडावत जाते, माती चाटते, पडलेली हाडे चघळते आणि माजावरही येत नाही. त्याच रानात चरणाऱ्या गावठी गायींना मात्र असा त्रास फारसा होत नाही. असे का व्हावे?

निवृत्त पशुवैद्य: हाडे चघळणे हे बहुधा फॉस्फरसच्या कमतरतेचे लक्षण असते. आपल्या जांभ्या मातीतील क्षार मुसळधार पावसाने वाहून जातात, आम्लता वाढते आणि उरलेला फॉस्फरस लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी इतका घट्ट बांधला जातो की तो गवताच्या मुळांना फारसा मिळत नाही. त्यामुळे हिरवेगार रानही निकस असू शकते. संकरित गाय दूध जास्त देते आणि दुधावाटे फॉस्फरस व कॅल्शियम बाहेर जात राहतात, म्हणून उणीव तिच्यात आधी दिसते. रोज सुमारे 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. शेणही तपासून घ्यावे, कारण जंतांनीही गाय अशीच खंगते. हाडे मात्र आजच हटवा. कुजलेल्या अवशेषांतील बोट्युलिझमच्या विषाने जनावर लुळे पडून दगावते.

डिचोलीचा दूध उत्पादक: केवळ खनिजांवर भागणार नाही. गवत तुऱ्यावर आले की त्यातील प्रथिने झपाट्याने घटतात, आणि चाऱ्यातील प्रथिने साधारण 7 टक्क्यांखाली गेली की कोटीपोटातील (गायीच्या पोटाचा पहिला, मोठा कप्पा) जिवाणूंना तंतू नीट पचवता येत नाहीत. भाताच्या पेंढ्यात तर ती जेमतेम 3-4 टक्के असतात. पोट भरलेले दिसते, गाय उपाशीच राहते. आम्ही 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडतो आणि तो 21 दिवस हवाबंद ठेवतो. प्रमाण चुकल्यास विषबाधा होते, आणि 6 महिन्यांखालील वासरांना हा पेंढा देऊ नये. जोडीला थोडी पेंड लागतेच.

सत्तरीकर: दोघांचेही आभार. मार्चनंतर काजूची बोंडे भरपूर असतात. ती चाऱ्यात चालतील का?

निवृत्त पशुवैद्य: थोडी, हळूहळू सवय लावून आणि पेंढ्यासोबतच. एकदम पोटभर खाल्ल्यास त्यांतील साखर आंबून कोटीपोटातील आम्ल वाढते आणि रवंथ थांबते, म्हणून हंगामात काजूखाली गुरे मोकळी सोडू नयेत.