सायबर सिक्युरिटीची शीट – सोसायटी ग्रुप, पाथर्डी फाटा, नाशिक

ओंकार (बी-४०४): कॉलेजच्या पोरांसाठी सायबर सिक्युरिटी शिकायची एक शीट करतोय. ज्याला जे माहीत असेल ते टाका.

नितीन काका (ए-१०१): उत्तम! माझ्याकडे ७० लिंक साठल्यात. पाठवतो.

मानसी ताई (बी-३०२): काका, नको हो. ७० लिंक दिल्या की पोरं एकही उघडत नाहीत. ज्याने स्वतः केलंय त्यानेच टाकावं. शेजारी मराठीत दोन ओळी हव्यात, आधी काय यायला हवं आणि कुठे अडायला होतं.

ओंकार: मग तूच श्रीगणेशा कर.

मानसी ताई: पहिला ओव्हरदवायर या साइटवरचा बँडिट हा खेळ. एसएसएचने (दूरच्या कॉम्प्युटरला सुरक्षितपणे जोडायची पद्धत) त्यांच्या सर्व्हरवर लॉगिन व्हायचं, एक लेव्हल सुटली की पुढच्या लेव्हलचा पासवर्ड हाती लागतो. लिनक्सच्या कमांड खेळता खेळता अंगवळणी पडतात. शाळेतल्यांना कार्नेगी मेलन विद्यापीठाचं पिकोसीटीएफ द्या, सिक्युरिटीची कोडी सोडवायची स्पर्धा. मग पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी. वेबसाइट तपासायचं बर्प सूट हे टूल बनवणारे तेच, आणि अकॅडमी फुकट आहे. सोबत ओवॅस्प या संस्थेची टॉप टेन, म्हणजे वेब ॲपच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी वाचा, पाठ करू नका. २०२१च्या यादीत पहिला नंबर ब्रोकन ॲक्सेस कंट्रोलचा. समजा बिलाच्या लिंकमध्ये ३०२ खोडून ३०३ टाकलं आणि शेजाऱ्यांचा मेंटेनन्स दिसला, तर तो हाच प्रकार.

देशमुख काकू (बी-३०३): अगं बाई, माझंच सापडलं का! 😄

प्रथमेश (सी-२०१): आपल्या सोसायटी ॲपवर करून बघू?

मानसी ताई: अजिबात नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरलास तर आयटी ॲक्ट २०००चं कलम ६६ लागू शकतं. ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हौस असेल तर स्वतःच्या लॅपटॉपवर ओवॅस्पचं ज्यूस शॉप हे सरावाचं वेब ॲप चालव. त्यात भोकं मुद्दाम ठेवलीयेत.

ओंकार: हे शीटमध्ये सगळ्यात वर टाकतो.

प्रथमेश: टेलिग्रामवर एका महागड्या कोर्सची झिप आहे, फुकट. फक्त अँटीव्हायरस बंद करून उघडायची.

मानसी ताई: प्रथमेश, शेवटचं वाक्य परत वाच 🤦‍♀️

प्रथमेश: ओके ओके. डिलीट केली.

देशमुख काकू: आमच्यासाठीही काही ठेवा रे. परवा वीज तोडण्याचा मेसेज आला होता, लिंकसकट.

मानसी ताई: ठेवते काकू. तोवर एवढंच, पैसे गेले तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

सेक्रेटरी (ए-२०२): ओंकार, शीट कोणालाही एडिट करता येतेय. बँडिटची ओळ आत्ताच उडाली.

ओंकार: हिस्ट्रीतून परत आणली. एडिट आता फक्त मी आणि ताई, बाकीच्यांनी कॉमेंटमध्ये सुचवा.

नितीन काका: माझ्या ७० चं काय?

मानसी ताई: तुम्ही स्वतः पाहिलेल्या किती?

नितीन काका: एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) एक कोर्स. अर्धा.

मानसी ताई: चालेल. "अर्धा पाहिला" असं लिहून टाका 👍