चेकपॉइंट आधी मोजायचा, की सरळ सेटिंग वाढवून मोकळं व्हायचं?

सातपूरचा_डीबीए:
पिंपळगावकडच्या एका कांदा व्यापाऱ्याचा पोस्टग्रेस (डेटाबेस) सर्व्हर माझ्याकडे आला. सकाळी लिलाव सुरू झाला की वजनाच्या नोंदी आणि हिशेबपट्ट्या एकदम आदळायच्या, आणि स्क्रीन मिनिटाला दोनतीनदा अडकायचा. तिकडे शेतकरी ट्रॅक्टरजवळ पट्टीची वाट बघत उभा. आधीच्या माणसाने रॅम वाढवली, डिस्क बदलली, पण लॉग उघडलाच नाही. चेकपॉइंट फार वारंवार होतायत, मॅक्स वॉल साइझ वाढवा, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. (चेकपॉइंट म्हणजे मेमरीत बदललेली डेटाची पानं डिस्कवर उतरवणं, वॉल म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती नोंदवही, आणि मॅक्स वॉल साइझ म्हणजे ती साधारण किती वाढू द्यायची ती मर्यादा; ती गाठत आली की चेकपॉइंट होतो.) दोन चेकपॉइंटमध्ये पुरते २५ सेकंदही जात नव्हते.

माझं ठाम मत आहे, मोजल्याशिवाय सेटिंगला हात लावू नये. वेळ झाली म्हणून झालेले चेकपॉइंट किती आणि मागणीवरून (बहुतेकदा वॉल भरलं म्हणून) झालेले किती, हे आधी बघा. आवृत्ती १७ पासून हे आकडे पीजी स्टॅट चेकपॉइंटर या व्ह्यूमध्ये (तयार तक्त्यात) मिळतात, त्याआधी बीजीरायटरच्या व्ह्यूमध्ये होते.

गंगापूर_रोड:
पटलं नाही. मॅक्स वॉल साइझची मूळ सेटिंग १ जीबी, आजच्या डिस्कपुढे ते काहीच नाही. मी सगळीकडे ८ जीबी करतो, टाइमआउट (दोन चेकपॉइंटमधला जास्तीत जास्त वेळ) ५ मिनिटांवरून १५ वर नेतो, आणि विषय संपतो. छोट्या धंद्याला आठवडाभर आकडे गोळा करायला वेळ कुठून मिळणार?

निफाडकर:
दादा, आमच्याकडे वळवाच्या पावसात लाइट गेली आणि यूपीएसही संपला. सर्व्हर परत सुरू झाला, पण शेवटच्या चेकपॉइंटपासूनचं सगळं वॉल पुन्हा लावून होईपर्यंत आत शिरता येईना. बाहेर पिकअपची रांग. चेकपॉइंट लांबवला की क्रॅशनंतर उठायला जास्त वेळ लागू शकतो, ही किंमत तुमच्या ८ जीबीत धरलीय का?

सातपूरचा_डीबीए:
निफाडकरांचा मुद्दा खरा आहे. पण चेकपॉइंट जवळ-जवळ ठेवणंही महागात पडतं. फुल पेज राइट्स चालू असतं (ते बंद करू नका, अर्धवट लिहिल्या गेलेल्या पानापासून तेच वाचवतं), त्यामुळे प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखाद्या पानात पहिला बदल झाला की ते अख्खं ८ केबीचं पान वॉलमध्ये जातं. म्हणजे चेकपॉइंट जितके जवळ तितकं वॉल जास्त, आणि वॉल लवकर भरलं की पुढचा चेकपॉइंट आणखी लवकर. आमचा सर्व्हर याच चक्रात अडकला होता.

गंगापूर_रोड:
मग मी तेच म्हणतोय ना, वाढवा!

सातपूरचा_डीबीए:
किती वाढवायचं, ते आकडा सांगतो. आणि कधीकधी वाढवून काहीच होत नाही. एका ठिकाणी लिहिण्याचा वेळ ठीक होता, सिंकचा (लिहिलेलं डिस्कवर पक्कं होण्याचा) वेळ मात्र प्रचंड. तिथे डिस्कच दमलेली होती, वॉल कितीही वाढवलं असतं तरी स्क्रीन अडकलाच असता. आवृत्ती १४ च्या आधीचा सर्व्हर असेल तर कम्प्लीशन टार्गेट (दोन चेकपॉइंटमधल्या वेळेच्या किती भागात लिहिणं पसरवायचं ते) ०.५ आहे का तेही बघा. १४ पासून ते ०.९ आहे, म्हणजे लिहिणं सावकाश पसरतं.

निफाडकर:
मी आत्ताच बघितलं. वेळ झाली म्हणून झालेले चेकपॉइंट ९० टक्के दिसतात. मग आमचं बरं चाललंय म्हणायचं का?

सातपूरचा_डीबीए:
एवढ्यावरून नाही म्हणता येणार. हे आकडे रीसेट केल्यापासूनची एकूण बेरीज असतात. रात्री सर्व्हर निवांत असतो, तेव्हा दर पाच मिनिटांनी वेळेवरचा आकडा वाढत राहतो. काही बदललेलं नसेल तर चेकपॉइंट टाळला जातो, तरी १७ मध्ये तो मोजला जातो. सकाळचा त्रास त्या बेरजेत बुडतो. लिलावाआधी एकदा आकडे टिपा, लिलाव संपल्यावर पुन्हा टिपा, आणि वजाबाकी करा.

गंगापूर_रोड:
रात्रीचा बेस बॅकअप (अख्ख्या डेटाबेसची प्रत) सुरू होतो तेव्हाचा चेकपॉइंटही मागणीवरच्या खात्यात जातो, तोही वगळा. वजाबाकीचं पटलं. सुरुवात मात्र मी ८ जीबीनेच करणार.

निफाडकर:
उद्या नऊला आणि एकला टिपतो. लॉग चेकपॉइंट्सही (प्रत्येक चेकपॉइंटची लॉगमध्ये नोंद) चालू करतो, आमची आवृत्ती १३ आहे, तिथे ते मुळात बंद असतं.