साळिंदराच्या काट्यांचं भरतकाम: चामड्यावर सुरुवात कशी करावी?

चर्मवेडा:
नमस्कार मंडळी. मी हाताने पाकिटं, कमरपट्टे आणि चाकूची म्यानं करतो. उत्तर अमेरिकेतल्या लाकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींच्या बायका साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांनी चामड्यावर जे नक्षीकाम करतात, ते शिकायची फार इच्छा आहे. पट्ट्याच्या जाड चामड्यावर थेट शिवता येईल का? काटे मऊ कसे करायचे? पहिला नमुना कशावर करू?

सुईदोरा:
जाड चामड्याचं आधी सांगते, कारण नवशिक्यांची गाडी तिथेच अडते. या कामात टाका आरपार जात नाही. चामड्याच्या वरच्या थरातून सुई आत शिरते आणि तिथूनच बाहेर येते, उलट्या बाजूला दोरा दिसतच नाही. सालीच्या अर्कात कमावलेल्या टणक चामड्यात हे करणं म्हणजे बोटांचे हाल. पूर्वापार हे काम जनावराचा मेंदू चोळून कमावलेल्या हरणाच्या मऊ कातड्यावर होत आलंय. तुम्ही मऊ कातड्याच्या पट्टीवर नक्षी करा आणि ती पट्टी कमरपट्ट्यावर शिवा. घडी पडते तिथे मात्र काटे नकोत, वाळलेला काटा तिथे तडकतो.

आता काटे. उत्तर अमेरिकेतल्या एका साळिंदराच्या अंगावर साधारण 30,000 काटे असतात, त्यामुळे मिळाले की भरपूर मिळतात. शेपटीचे जाड, पाठीचे मध्यम, मानेचे बारीक आणि पोटाच्या कडेचे सगळ्यात नाजूक. आफ्रिका-आशियातल्या साळिंदराचे लांब, राठ काटे आणाल तर ते चपटे व्हायचे नाहीत. आधी भांड्यांच्या साबणाने धुऊन तेलकटपणा काढा, नाहीतर रंग धरत नाही. मग जाडीप्रमाणे ढीग करा. हे कंटाळवाणं वाटतं, पण एकाच ओळीत जाडे-बारीक काटे मिसळले की रेघ वेडीवाकडी दिसते. काळ्या टोकाला उलटे बारीक दाते असतात, ते कातडीत रुतलं की आत आत सरकतं. टोकं कापली की लगेच झाकणाच्या डबीत टाका.

कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवले की काटे वाकायला लागतात. एका वेळी थोडेच भिजवा, फार वेळ राहिले तर लिबलिबीत होतात. जुन्या बायका काटा तोंडात धरून मऊ करत आणि दातांमधून ओढून चपटा करत. बाजारचा रंग दिलेला काटा मात्र तोंडात घालू नका. नख किंवा हाडाची गुळगुळीत पट्टी पुरते.

पहिला नमुना नागमोडी पट्टीचा करा. दोन समांतर दोरे घ्या, मध्ये पाच-सहा मिलिमीटर अंतर. काट्याचं टोक एका दोऱ्याच्या टाक्याखाली दाबा, काटा पलीकडे न्या, तिथल्या टाक्याखालून घेऊन टाका आवळा आणि काटा त्याच्यावरून दुमडून परत अलीकडे आणा. दुमड टाक्याला झाकते, म्हणून वरून फक्त काटाच दिसतो. काटा संपत आला की नव्याचं टोक शेवटच्या दुमडीखाली सरकवा. हा सांधा जमला की निम्मं काम जमलं! पूर्वी दोरा प्राण्याच्या कंडरेचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट तंतूंचा असे आणि भोकं आरीने पाडत. तुम्हाला बारीक सुई आणि मेण लावलेला दोरा चालेल.

पाणवठा:
यात एक भर. शायेनांमध्ये हे काम करणाऱ्या स्त्रियांची स्वतंत्र मंडळं होती, शिकायला रीतसर विधी असे. लाकोटा सांगतात की ही कला दुहेरी स्त्रीने, म्हणजे त्यांच्या कथांमधल्या एका अलौकिक स्त्रीने, स्वप्नात दिली. तेव्हा त्यांची पवित्र चिन्हं उचलू नका, भूमितीच्या साध्या आकृत्या स्वतः आखा. विकणार असाल तर अमेरिकेत 1990 चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायदा आहे. त्या जमातींपैकी नसलेल्याने आपली वस्तू मूळनिवासी कारागिरांची म्हणून विकणं गुन्हा ठरतो. ही शैली कोणाकडून आली ते लिहा आणि खाली स्वतःचं नाव घाला.

चर्मवेडा:
मनापासून आभार. आकृत्या मीच आखेन. सुईदोराताई, रंग कोणता वापरू? आणि म्यानाला झालर असते, तिच्यावरही काटे गुंडाळता येतात ना?

सुईदोरा:
झालरीपासूनच सुरुवात केलीत तर आणखी सोपं, त्यात शिवण जवळजवळ नाहीच. कच्च्या कातड्याच्या अरुंद पट्टीभोवती ओला, चपटा काटा घट्ट गुंडाळायचा, टोक आधीच्या वेढ्याखाली दडपायचं आणि तिथूनच पुढचा काटा सुरू करायचा. वाळताना तो जागेवर घट्ट बसतो.

रंगासाठी लोकरीचा आम्लरंग घ्या, त्यात थोडं व्हिनेगर घाला. पाणी गरम हवं, पण उकळतं नको, उकळीत काट्याचा कस जातो. वनस्पतींचे रंग हवे असतील तर ब्लडरूटच्या मुळापासून नारिंगी-लाल आणि वुल्फ लायकेन या दगडफुलापासून पिवळा निघतो, दोन्ही जुन्या कारागिरांच्या वापरातले. पण ते विषारी आहेत, त्यांची भांडी स्वयंपाकघरात ठेवू नका. तयार वस्तू उन्हात टांगू नका, रंग विटतात. अधूनमधून उलटून कसर लागली नाही ना तेही बघत जा, कारण काटे केसांसारखेच केराटिनचे असतात आणि किडीला ते आवडतात. पहिली पट्टी झाली की फोटो टाका, सांधे बघून सांगते.