हात गमावला म्हणून डोळे माफ?

पानगळ

'इटर्नल लव्ह' गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा संपवली. तीच, २०१७ सालची ५८ भागांची चिनी मालिका, यांग मी आणि मार्क चाओ यांची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा रडले होते. या वेळी चिडले, म्हणून हा धागा. शेवटापर्यंत सगळं फोडणार आहे, ज्यांना बघायची आहे त्यांनी इथूनच परत फिरा.

न पाहता वाचणाऱ्यांसाठी गोष्ट अशी. बाइ छ्येन ही छिंगछ्यूच्या नऊ शेपट्यांच्या कोल्ह्यांची राजकन्या, वय एक लाख चाळीस हजार. छिंग त्सांग नावाच्या खलनायकाला पुन्हा घंटेत कोंडताना तिची शक्ती, रूप आणि आठवण जाते. साधी माणूस होऊन ती एका डोंगरावर येऊन पडते. तिथे तिला जखमी ये ह्वा भेटतो. हा स्वर्गाचा युवराज. तो तिचं नाव ठेवतो सू सू. (हसून घ्या एकदा, मीही हसले होते. पुढे हसू येत नाही.) आभाळाला आणि धरतीला नमस्कार करून लग्न होतं, दिवस जातात, तिला स्वर्गात नेलं जातं. तिथे सू जिन नावाची बाई देवांना शिक्षा देण्याच्या कट्ट्यावरून स्वतःच पडते, 'हिने ढकललं, माझे डोळे गेले' असा कांगावा करते. डोळ्यांच्या बदल्यात डोळे असा निवाडा होतो. आणि सू सूचे डोळे ये ह्वा स्वतःच्या हाताने काढतो. बाळंत झाल्यावर ती आंधळी बाई त्याच कट्ट्यावरून उडी मारते.

उडीमुळे तिच्यावरचं बंधन तुटतं, ती पुन्हा देवी होते आणि च यान नावाच्या वैद्य देवाकडे विसरण्याचं औषध मागते. तीनशे वर्षांनी पूर्वसमुद्रातल्या मेजवानीला नवराबायको समोरासमोर येतात. तिला काही आठवत नाही, त्याला सगळं.

आता माझं म्हणणं. इथून पुढे मालिका पद्धतशीरपणे ये ह्वाच्या खात्यात पुण्य भरत जाते. तो तिच्या घरी चुलीपुढे उभा राहून स्वयंपाक करतो. यिंगचौ बेटावर जाऊन चार हिंस्र श्वापदं मारतो, दिव्य वनस्पती आणतो, त्यात एक हात गमावतो आणि तिला त्याचा पत्ता लागू देत नाही. आपण पदराने डोळे पुसतो. पण फिर्यादीच कोर्टात हजर नाही, आणि आरोपीच्या चांगल्या वर्तणुकीचे दाखले एकामागून एक दाखल होतायत, हे आपल्या लक्षातही येत नाही. तिला सगळं आठवेपर्यंत प्रेक्षकांनी त्याला कधीच सोडून दिलेलं असतं. आठवल्यावर ती दार लावून घेते, तो बाहेर उभा राहतो. आता बोलणं होईल असं वाटतं तोच ती घंटा पुन्हा जागी होते आणि तो सगळ्यांना वाचवत मरतो. मेलेल्या माणसाशी कोण भांडणार?

ज्या भांडणासाठी मी पन्नासेक भाग थांबले, ते झालंच नाही.

रात्रपाळी

पानगळताई, साफ नामंजूर.

एक तर 'डोळे काढले' हे तुम्ही अर्धंच सांगितलंत. निवाडा त्याच्या आजोबांचा, म्हणजे स्वर्गाच्या राजाचा. ये ह्वा मध्ये पडला नसता तर ती जिवानिशी गेली असती. तो तिच्याशी सगळ्यांसमोर तुटक वागतो तेही तिच्यावर कोणाची नजर पडू नये म्हणून. आणि त्याआधी याच माणसाने लढाईत मेल्याचं सोंग घेऊन, राज्यावर पाणी सोडून तिच्याकडे पळून जायचा बेत केला होता. तो फसला हा काय त्याचा गुन्हा?

दुसरं, महत्त्वाचं. तुम्ही तिच्या विसरण्याला बेशुद्धी समजताय. पहिल्यांदा आठवण गेली ती शत्रूमुळे, कबूल. दुसऱ्यांदा मात्र तिने शुद्धीत, विचारून, मागून औषध प्यायलं. कोणी फसवून पाजलं नाही. हा तिचा निर्णय आहे. 'मला हे दुःख नको' असं म्हणायचा तिला हक्क नाही का? तुम्हाला भांडण बघायचं होतं म्हणून तिने तीनशे वर्षं जळत राहायला हवं होतं?

आणि आठवल्यावर ती गप्प बसत नाही. तडक स्वर्गात जाऊन सू जिनकडून स्वतःचे डोळे परत घेते. त्या भागासाठी मी रात्री तीनला घरात एकट्याने टाळ्या वाजवल्यात.

खारी_बिस्किट

प्रेमबिम ठीक आहे, पण भाग किती? 'इटर्नल लव्ह' ५८, 'अॅशेस ऑफ लव्ह' ६३. विस्मृती हा या लोकांचा पाणी घालायचा हुकमी उपाय. तिसाव्या भागात गोष्ट संपत आली की कोणीतरी काहीतरी पितं आणि पुन्हा 'आपण कोण?' पासून सुरुवात. २०२० च्या फेब्रुवारीत चीनच्या प्रसारण खात्याने मालिका चाळीस भागांच्या आत ठेवा असं बजावलं, मग 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल' (२०२२) ३६ भागांत आटोपली. आणि काय अडलं? उलट जास्त घट्ट झाली.

जुना_पाट

पानगळ यांच्या मुद्द्याला आपल्याच घरातला पुरावा देतो. थोडं विषयांतर वाटेल, पण नाही.

शाकुंतल आपल्याला ठाऊक आहे ते कालिदासाचं, आणि मराठी माणसाला अण्णासाहेब किर्लोस्करांमुळे, १८८० पासून पदांसकट. त्यात दुर्वासाचा शाप आहे, अंगठी आहे, मासा आहे. पण महाभारताचं आदिपर्व उघडा. तिथे शापही नाही, अंगठीही नाही. तिथल्या दुष्यंताला सगळं लख्ख आठवत असतं, तरी भर सभेत तो 'तुला ओळखत नाही' म्हणतो. आकाशवाणी झाल्यावर सांगतो, मला ठाऊक होतं हो, पण लोकांनी मुलाबद्दल संशय घेतला असता. म्हणजे शाप हा कालिदासाने नायकाचे हात धुवायला आणलेला साबण.

आणि पुढची वाट बघा. अंगठी सापडते, राजा पश्चात्तापाने पोळतो, मग इंद्रासाठी राक्षसांशी लढायला जातो, परतताना आश्रमात आधी मुलगा भेटतो आणि नंतर बायको. तुमच्या मालिकेतही त्या मेजवानीत आधी त्यांचा लहानगा मुलगा आ-लीच तिला आई म्हणून बिलगतो ना? विस्मृती, पराक्रम, मूल, मग भेट. ही घडी फार जुनी आहे. नायकाला शिक्षेऐवजी मोहिमेवर धाडायचं.

रात्रपाळी

काका, उदाहरण सुरेख, पण ते माझ्या बाजूने पडतं. दुष्यंत विसरतो, म्हणजे ज्याने केलं तोच सुटतो. इथे ये ह्वा विसरत नाही. तीनशे वर्षं मूल एकट्याने वाढवतो. साबण असता तर त्याला पाजला असता.

पानगळ

जुना_पाट, आदिपर्वाचं माहीत नव्हतं. आज रात्री वाचते.

रात्रपाळी, तुमचा 'तिचा निर्णय' हा मुद्दा मी घरी जेवताना दोनदा घोळवला. पटतो. औषध पिणं तिचं होतं, मान्य. माझी तक्रार तिच्याबद्दल नाहीच, लिहिणाऱ्यांबद्दल आहे. तिने दुःख विसरायचं ठरवलं, त्याला क्षमा करायचं नव्हे. मालिकेने मात्र तेवढ्यात क्षमाही उरकून घेतली.

तांबडफुटी

दोन्ही बाजू विसरणं हा शाप धरून बोलतायत, म्हणून मध्ये तोंड घालते. आपल्याकडे विस्मृती बहुधा कोणाच्या तरी रागातून येते. चिनी लोकसमजुतीत ती वाडग्यातून येते. मेल्यावर वांगछ्वान, म्हणजे विस्मरणाची नदी. तिच्यावरचा नायह पूल ओलांडताना मंग पो नावाची म्हातारी सूप पाजते. ते प्यायलं की आधीचा जन्म पुसला आणि पुढच्याला मोकळे. सगळ्यांनीच प्यायचं असतं. शिक्षा म्हणून कोणी देत नाही. हे डोक्यात असलेल्या प्रेक्षकाला बाइ छ्येनने मागितलेलं औषध पळवाट वाटणार नाही. तिने जिवंतपणीच एक जन्म संपवला, एवढंच.

मात्र कोण पाजतं यावर गोष्ट फिरते. 'चायनीज पॅलाडिन' आठवते का? २००५ ची, ३४ भाग, हू ग आणि ल्यू यीफेइ. १९९५ च्या तैवानी संगणक-खेळावरून केलेली. खाणावळीतला पोरगा ली श्याओयाओ आजारी मावशीसाठी औषध आणायला एका बेटावर जातो, तिथे लिंग-अर नावाच्या मुलीशी लग्न करतो आणि लगेच दुसरेच लोक त्याला औषध देऊन ते लग्न विसरायला लावतात. ती त्याच्यासमोर उभी, आणि हा तिला नवी ओळख असल्यासारखा बोलतोय. ती मालिका लिंग-अरच्या मरणाने संपते. कोणी उठून बसत नाही. माझ्या मते म्हणूनच ती अजून टोचते.

आणि पराक्रमाने भरपाई करायची खोड फक्त नायकांची नाही हं. पांढऱ्या नागिणीची लोककथा घ्या. ड्रॅगन बोटीच्या सणाला दारू पिऊन बाइ सुचनचं खरं रूप उघडं पडतं, नवरा श्यू श्येन ते बघून भीतीने मरतो, आणि ती पोटुशी असताना संजीवक वनस्पती चोरायला खुनलुन पर्वतावर पहारेकऱ्यांशी लढते. चूक तिच्याकडून घडली, निस्तरायला निघाली तीच. यिंगचौचं बेट या कथेच्याच वळणावर आहे. बेटही जुनंच, छिन सम्राटाने अमर होण्याचं औषध शोधायला जिकडे माणसं धाडली त्या तीन बेटांपैकी एक.

खारी_बिस्किट

चला, म्हणजे दर दोन हजार वर्षांनी कोणीतरी त्याच बेटावर औषधाला जातं. दुकान काढा तिथे.

रात्रपाळी

हाहा. पण तांबडफुटींनी नागीण आणली तर मी 'अॅशेस ऑफ लव्ह' आणते. नायिका जिन मी, तिला जन्मतःच आईने एक गोळी भरवलेली असते, प्रेम वाटूच नये म्हणून. आईच, आणि मायेपोटी! त्या गोळीपायी ती बापाचा खुनी समजून नायक श्यू फंगला लग्नमंडपात भोसकते, तेव्हा गोळी बाहेर पडते आणि जे कधी वाटलं नव्हतं ते सगळं एकदम वाटतं. मग त्याला परत आणायला तीच धडपडते, आणि श्रेय स्वेइ ह नावाची दुसरीच बाई लाटते. तो जिवंत होऊन जिन मीचाच द्वेष करतो. इथे पराक्रमाने कोणाचं पुण्य वाढलं? तिची मेहनत त्याला कळतही नाही.

तेव्हा पानगळताई, ये ह्वाने हात गमावल्याचं लपवलं ते मला मोठं वाटतं. त्याला दाखला द्यायचाच नव्हता.

पानगळ

तिच्यापासून लपवला हो, आपल्यापासून कुठे लपवला? आपल्याला तर संथ गतीत, बासरीसकट दाखवला. माफी आपल्याकडूनच हवी होती ना.

जुना_पाट

हे मात्र खरं.

रात्रपाळी

बरं, मग तुम्हीच सांगा. मेलेला तो तीन वर्षांनी जिवंत होऊन उठतो, ती पीचच्या झाडांखाली धावत येते. तुमच्या मते तिने तिथे काय करायला हवं होतं? मुस्काटात मारायची?

पानगळ

छे. मिठी मारू दे की. तीन वर्षं शोक केलाय तिने. घरी न्यावं, या वेळी तिने रांधावं (तिला येत नाही, तरी रांधावं), आणि तो घास घेत असताना विचारावं: मी तिला ढकललं नाही हे तुला ठाऊक होतं. मग डोळे काढण्याआधी ते एकदा मला का नाही सांगितलंस?

खारी_बिस्किट

या प्रश्नासाठी ५९ वा भाग काढला तर माझी हरकत नाही.