आग्वादला ‘तोफांचा ओटा’ म्हणणाऱ्यांना

बार्देशी
काल सह्याद्रीवेडा यांनी इथे आग्वादचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, की गोव्यात बघण्यासारखा किल्लाच नाही, आग्वाद म्हणजे पाकल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, तोफा ठेवायला बांधलेला ओटा. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात गोव्यातला एकही नाही, यातच सगळं आलं म्हणे. त्यावर पन्नासेक जणांनी अंगठे दिले, म्हणून हे लांबलचक उत्तर.

त्या यादीचं नावच मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर आहे. तिच्यात आग्वाद कशाला असेल? यादीत नाही म्हणून किल्ला नाही, हा कुठला न्याय?

आता बांधकाम. आग्वाद १६१२ साली पुरा झाला. डच आरमार मांडवी नदीच्या तोंडाशी येऊन नाकेबंदी करू लागलं होतं, त्या धास्तीतून. डोंगरी किल्ल्याला उंची लागते, कारण चढणारा माणूस दमला पाहिजे. इथे शत्रू तोफा घेऊन जहाजातून येणार. उंच भिंत म्हणजे त्याला आयतं लक्ष्य. म्हणून भिंती बुटक्या, जाड, बाहेरच्या अंगाला उतरत्या. जमिनीच्या बाजूने चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या, खडकात खोदलेला कोरडा खंदक. वरचा कोट वेगळा, खाली पाण्यालगतचा तट वेगळा. आणि मधल्या चौकाखाली सोळा खांबांवर तोललेली टाकी, जिच्यात तेवीस लाख गॅलनहून जास्त पाणी मावतं. लिस्बनच्या वाटेवरची जहाजं इथलं पाणी भरून निघायची. १७३९ मध्ये मराठ्यांनी जवळजवळ सगळा बार्देस तालुका घेतला, पण त्यातले आग्वाद आणि रेईश मागूश हे किल्ले पडले नाहीत. नुसता ओटा असता तर पडला नसता?

सह्याद्रीवेडा
भाऊ, तुमची माहिती बरोबर असेल, पण माझा मुद्दा तुम्ही टाळलात. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. पायात शिसं ओतलं. दरवाजा असा वळवून लपवला की नावेतून अगदी जवळ जाईपर्यंत सापडत नाही. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. तो किल्ला आपल्या लोकांनी आपल्या लोकांच्या रक्षणासाठी बांधला. आग्वाद आपल्यावर राज्य करायला बांधला. त्याच्या भिंतीच्या जाडीचं कौतुक मला येत नाही, आणि येऊही नये. १७३९ ला पडला नाही हे तुम्ही अभिमानाने सांगताय, याचंच मला वाईट वाटतं.

शापोऱ्याच्या किल्ल्यावरही जाऊन आलो. फुटलेल्या बाटल्या आणि सिनेमातल्या जागेवर बसून फोटो काढणाऱ्यांची रांग. आत काय आहे? काही नाही.

नार्वेची सुलभा
अभिमान कोणी कशाचा धरावा हे तुम्ही घाटावरून ठरवू नका. माझे आजोबा आग्वादच्या तुरुंगात होते. त्या कोठडीत ओल इतकी की अंथरूण कधी कोरडं झालं नाही, हे आम्ही त्यांच्या तोंडून ऐकत वाढलो. गोवा मुक्तिलढ्याचे पुढारी त्रिस्ताव ब्रागांझ कुन्यांना १९४६ साली तिथेच कोंडलं आणि पुढे पोर्तुगालच्या पेनिशे तुरुंगात नेलं. त्याच वर्षी डॉ. लोहियांनाही दुसऱ्या अटकेनंतर आग्वादलाच ठेवलं होतं. तो दगड पाकल्यांचा की आमचा, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडला नाही. तिथे आमची माणसं कुजली, म्हणून तो आमचा.

आणि महाराजांचं म्हणाल, तर आमच्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ त्यांनीच १६६८ साली पुन्हा बांधायला लावलं. साल नदीच्या मुखावरचा बेतुलचा कोटही १६७९ चा, त्यांच्याच हुकमाने झालेला. तिथे किती जण जातात? महाराजांच्या नावाने भांडायचं आणि बेतुल कुठे आहे ते ठाऊक नाही!

पेडण्याचा बाब्या
बेतुल राहू दे, आमच्या पेडणे तालुक्यातल्या तेरेखोल किल्ल्याचं नाव तरी कोणी घेतलं का? सगळं बार्देस आणि तिसवाडीभोवतीच फिरतंय. तेरेखोल सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आलोर्नाने घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रह्यांनी त्यावर तिरंगा लावला. आज तिथे हॉटेल आहे. जिथे झेंडा लावताना माणसं पकडली गेली, तिथे खोल्या भाड्याने देणं मला मान्य नाही. पेडण्याला सगळे शेवटी आठवतात, किल्ल्यांच्या गोष्टीतसुद्धा.

चिरेवाला
तुम्ही सगळे बांधला कोणी आणि घेतला कोणी यावर भांडताय. तिकडे भिंत कोसळतेय.

आमच्या घरात आजापासून चिऱ्याचा धंदा आहे. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हत्याराने हवा तसा तासता येतो. वारा लागला की कडक होतो. पण त्याची भोकं बुजत नाहीत, तो पाणी पितच राहतो. म्हणून जुने लोक त्यावर चुन्याचा गिलावा करायचे. आग्वाद, शापोरा, रेईश मागूश, सगळ्यांवर गिलावा होता. आज तुम्हाला जो लाल दगड ‘ऐतिहासिक’ दिसतो, ती सोललेली कातडी आहे. शापोरा १७१७ मध्ये नव्याने बांधला. पुढे १७८८ ला पेडणं पाकल्यांकडे गेल्यावर सरहद्द उत्तरेला सरकली, किल्ल्याचं कामच उरलं नाही, आणि १८९२ मध्ये तो सोडला. तेव्हापासून गिलाव्याकडे कोणी बघितलं नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि सांध्यांत पिंपळाची मुळं. आत काही नाही म्हणता ना, त्याचं कारण हे.

आणि डागडुजी करायची म्हणून सिमेंट भरतात! सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती चिऱ्यात कोंडते. सांधा शाबूत राहतो आणि दगडाचा भुगा होतो. एका जुन्या घराच्या कामावर मी हे कंत्राटदाराला हात जोडून सांगितलं. ऐकलं नाही. आता तिथे बोट घातलं तर चिरा पिठासारखा गळतो.

कॅमेरा_ताळगाव
गिलाव्याला माझा सक्त विरोध. रेईश मागूशचं काय केलं बघा. पांढराफेक, कालच बांधल्यासारखा. संध्याकाळच्या उन्हात लाल चिरा जो दिसतो, तोच आपल्या किल्ल्यांचा चेहरा आहे. शंभर-दीडशे वर्षं लोकांनी शापोरा असाच पाहिला. तोही इतिहासच. सगळं पुन्हा चुन्यात बुडवणार असाल तर किल्ला कशाला, देखावा म्हणा.

चिरेवाला
रेईश मागूश १९९३ पर्यंत तुरुंग होता, नंतर ओस पडला. २००८ ते २०१२ तिथे काम झालं आणि म्हणून तो आज उभा आहे. तुम्हाला फोटो हवा, मला भिंत हवी. लाल रंग आवडतो म्हणून माणसाला सोलून ठेवतात का?

कॅमेरा_ताळगाव
भाषा सांभाळा. मीही गोंयकारच आहे, किल्ल्यांवर माझंही तुमच्याइतकंच प्रेम आहे. भिंत टिकवायला मुळं काढा, वरचा माथा बंद करा, सांधे चुन्याने भरा. हे सगळं गिलाव्याशिवाय होतं.

चिरेवाला
सांधे भरून दगडाचं तोंड उघडंच राहतं. पश्चिमेचा पाऊस आडवा मारतो, तोंडावरच मारतो. एक पावसाळा दर्याच्या बाजूला उभे राहून बघा, मग बोला.

बार्देशी
कृपा करून मूळ विषयावर या. प्रश्न आग्वाद किल्ला आहे की नाही हा होता.

नार्वेची सुलभा
बार्देशी, मला हाच मूळ विषय वाटतो. आजोबांच्या कोठडीतली ओल आता कळली कुठून येत होती.

सह्याद्रीवेडा
टाकी आणि खंदक पाहता बांधणारे जाणकार होते, एवढं कबूल. ओटा हा शब्द सोडतो. सुलभाताईंच्या आजोबांना नमस्कार, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण प्रेम मी सिंधुदुर्गावरच करणार, आणि आग्वाद न पडल्याचा आनंद मला कधीच होणार नाही. चिऱ्याबद्दल मात्र चिरेवाल्यांच्या बाजूने. आमच्याकडेही गडांवर सिमेंट ओतलेलं पाहिलंय, जीव जळतो.

पेडण्याचा बाब्या
तेरेखोलवर अजून कोणीच बोललं नाही.

चिरेवाला
बाब्या, तेरेखोलचा निदान गिलावा शाबूत आहे. शापोऱ्याचं बोलू. पावसाआधी तटातली झाडं मुळासकट काढून सांधे आणि गिलावा चुन्यातच करावा, सिमेंट अजिबात नको, असा अर्ज पुरातत्त्व खात्याला देतोय. सही कोण करतंय?

नार्वेची सुलभा
माझी घ्या.

कॅमेरा_ताळगाव
सिमेंट नको, यावर डोळे मिटून सही करतो. ‘गिलावा’ तेवढा काढा.

चिरेवाला
गिलावा काढून अर्ज जाणार नाही. तुमची सही नसली तरी जाईल.

कॅमेरा_ताळगाव
मग मी माझा वेगळा देतो.