मदत हवी आहे: ६/८ मध्ये विश्राम-चिन्हं (रेस्ट, म्हणजे शांततेची चिन्हं) नेमकी कशी तोडायची?

स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) ६/८ तालाची एक ओळ लिहितोय. बारमध्ये (तालाच्या एका खान्यात) ६ क्वेव्हर, म्हणजे डॉटेड क्रॉचेटचे २ ठोके (क्रॉचेट = २ क्वेव्हर, डॉट लावला की ३). बेरीज जुळते, प्रश्न वाचनीयतेचा आहे.

पहिला बार: १ क्वेव्हर स्वर, ४ क्वेव्हर लांबीचा स्वर, पुन्हा १ क्वेव्हर. मधे सरळ मिनिम (४ क्वेव्हरचा एकच स्वर) टाकला तर दुसरा ठोका कुठे सुरू होतो ते दिसत नाही, आणि वाजवणारा तो बार ३/४ (३ क्रॉचेट ठोक्यांचा ताल) समजून वाचतो. म्हणून २ क्रॉचेट टायने (दोन स्वर सलग एकच करणाऱ्या कमानीने) जोडलेत. हे बरोबर ना?

खरी अडचण विश्रामांची, कारण त्यांना टाय लागत नाही. ठोक्याच्या सुरुवातीला २ क्वेव्हरची शांतता असेल तर क्रॉचेट रेस्ट चालतो. पण आधी क्वेव्हर स्वर आणि मग शांतता असेल, तर २ वेगळे क्वेव्हर रेस्ट लिहायचा जुना संकेत आहे. छापील प्रतींत मात्र दोन्ही पद्धती दिसतात. वेगात वाचताना तुम्हाला कोणती सोपी जाते?

आणखी एक: पूर्ण रिकाम्या बारला मी चौथ्या रेषेखाली लटकणारा सेमीब्रीव्ह रेस्ट (पूर्ण बारच्या शांततेचं चिन्ह) देतो (अर्ध्या बारला डॉटेड क्रॉचेट रेस्ट). सॉफ्टवेअर मात्र पूर्ण रिकाम्या बारमध्ये डॉटेड मिनिम रेस्ट (६ क्वेव्हरचा) घालतंय. हाताने बदलू का?